जास्तीचा कपॅसिटर

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पळस्पे इथल्या घरत कुटुंबाच्या हॉलमध्ये लसूण सोलत बसलेल्या दमयंती घरत (वय ६६) यांना स्वतःचा बत्तीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला. तो डाव्या स्पीकरमधून आला आणि दोनच शब्द बोलला.

"आता उंबराची."

पाठोपाठ त्याच स्पीकरमधून त्यांच्या थोरल्या जाऊ चंद्रावती घरत (७१) यांचा भरदार गळा लागला आणि मांडवातल्या उंबराच्या फांदीची ओळ सुरू झाली.

दमयंतीबाईंनी लसणाची ताटली बाजूला ठेवली. "परेश, मागं घे."

परेश घरत (४८) हा चंद्रावतीबाईंचा मुलगा. दुरुस्त होऊन आलेला अॅम्प्लिफायर त्याने अर्ध्या तासापूर्वी जोडला होता, घरच्यांना गोळा करून बसवलं होतं आणि आता तो सोफ्यावर डोळे मिटून ऐकत होता.

"ऐकलंस ना काकी?" तो डोळे न उघडता म्हणाला. "बांगडी न् बांगडी वेगळी येतेय. आधी कसं, गोधडी पांघरून गायल्यासारखं वाटायचं."

"बांगडी रावदे. मागं घे."

परेशने कॅसेट मागे घेतली. "आता उंबराची," पुन्हा ऐकू आलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळेआधी चंद्रावतीबाईंचे पती दादू घरत (७६) कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

चंद्रावतीबाई समोरच बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी घशाची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं आहे. एका वेळी चार-पाच शब्दांच्या वर त्या जात नाहीत. त्या सकाळी त्यांनी एकही वापरला नाही.

आगरी लग्नात मांडव घालण्यापासून पुढे प्रत्येक विधीला धवले गायले जातात, आणि ते गाणारी धवलारीण मानाच्या पाटावर बसते. धवले कुठे लिहिलेले नसतात. तिला ते पाठ असतात, म्हणूनच तो पाट तिचा. चंद्रावतीबाई पळस्प्यापासून आपट्यापर्यंत चाळीस वर्षं पाटावर बसल्या. त्यांना ओळ विसरताना कोणी पाहिलेलं नाही, असं त्या भागात सांगतात. दमयंतीबाई मात्र इतकी वर्षं वेगळं सांगत आल्या होत्या. जाऊबाईंचा फक्त गळा, ओळी माझ्या. मी शेजारी बसून कानात सांगत होते, असं त्यांचं म्हणणं. त्याला घरात कोणी उत्तर देत नसे. "काकींचं सुरू झालं," एवढं म्हणून माणसं उठून जात.

कॅसेट १९९३ ची, दादूंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली. दोन्ही जावांच्या मधोमध माईक टांगून दादूंनी ती स्वतः भरली होती. तेव्हापासून ती घराबाहेर गेलेली नाही आणि घरातल्या एकाच अॅम्प्लिफायरवर वाजत आली आहे. येत्या शुक्रवारी परेशची मुलगी प्रांजल (२४) हिचा मांडव होता. आजीचा गळा गेलेला, म्हणून असं ठरलं होतं की पाटावर चंद्रावतीबाईंनीच बसायचं आणि धवले कॅसेटवर लावायचे. यानंतर घरात लग्नाचं कोणी उरत नाही. पाटावर बसायची चंद्रावतीबाईंची ही शेवटची वेळ, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दमयंतीबाईंनी आपली मागणी मांडली. "शुक्रवारी पाटावर मी बसनार. कॅशेट कशाला पायजे? मी जिती हाय."

"तुजा आवाज कोन आयकनार, दमे," दादू म्हणाले. "म्हशी दूध देयाच्या नाय."

"चाळीस वर्सं म्हशीला मीच सांगत होते भावजी, कवा हंबरायचं."

यावर चंद्रावतीबाई उठून आत गेल्या. परेश म्हणाला की मूळ प्रश्न आवाजाच्या गुणवत्तेचा आहे आणि ती आता फार वरच्या दर्जाची झालेली आहे. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

अॅम्प्लिफायर चाळीस वर्षांपूर्वीचा, मुंबईतल्या एका लहान कारखान्यात जोडलेला आहे. गेल्या महिन्यापासून तो सतत घूं असा आवाज करत होता. परेशचा व्यवसाय रेती आणि विटा पुरवण्याचा. छंद जुन्या ध्वनियंत्रांचा. त्याने तो पनवेलच्या लाइन आळीतल्या सत्यजीत ओगले (५८) यांच्या दुकानात नेला. सोबत एक पुडी दिली. तिच्यात परदेशातून मागवलेले, आत तेल भरलेले चार कपॅसिटर होते. जुने काढून हे घातले की आवाज 'उघडतो', असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं.

ओगल्यांनी पाच दिवसांनी यंत्र परत दिलं. परेशने ते ऐकून आपल्या हौशी मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेलाच्या कपॅसिटरबद्दल बावीस ओळी लिहिल्या. त्यांत 'मधाळ' हा शब्द तीनदा होता.

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता घरतांची गाडी लाइन आळीत आली. दादू पुढे बसले होते. त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात कॅसेट होती. गाडी परेश चालवत होता, मागे दमयंतीबाई. चंद्रावतीबाई आल्या नव्हत्या.

"ओगले सर, आवाजात काय बदललं ते काकीला सांगा," परेश म्हणाला. "माझं ती ऐकत नाही. तुम्ही तेलाचे कपॅसिटर कुठे कुठे घातले?"

"कुठेच नाही." ओगल्यांनी खण उघडून पुडी काढली. तिला लावलेली पिन तशीच होती. "ते अंगठ्याएवढे आहेत. आत जागाच नाही. फोनवर मी सांगत होतो, तर तुम्ही म्हणालात, सर, फरक कळतोय."

परेशने पुडीकडे पाहिलं. मग त्याने फोन काढला आणि काही वेळ तो खाली मान घालून त्यावर काहीतरी करत होता. बावीस ओळी त्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवरून नाहीशा झाल्या.

"मग केलंत काय?" दमयंतीबाईंनी विचारलं.

ओगल्यांनी कागदावर यंत्राचा नकाशा काढून दाखवला. पहिलं काम, विजेचा प्रवाह गुळगुळीत करणारे दोन मोठे कपॅसिटर. ते सुकले होते, म्हणून घूं आवाज येत होता. ते बदलले. दुसरं काम त्यांनी कोणी न सांगता केलं होतं. आवाज लहानमोठा करायच्या बटणाच्या पायांवर दोन हिरवे कपॅसिटर टाकलेले होते, डाव्याला एक, उजव्याला एक. कारखान्याच्या नकाशात ते नव्हते. त्यांच्या सोल्डरिंगचा डागही वेगळ्या हाताचा होता. जास्तीचे, म्हणून ओगल्यांनी ते काढून टाकले.

"ते काय करीत होते?"

"मावशी, बारीक, धारदार जेवढा आवाज असेल तेवढा ते अर्थिंगमधून जमिनीत सोडत होते. जाड आवाज पुढे जायचा. बांगड्या, टाळ्या, 'स' आणि 'श', हे सगळं खाली. आणि कुजबुजीत गळा नसतो, नुसती हवा असते. ती तर आधी जाणार."

दमयंतीबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बत्तीस वर्सं मना जमिनीत घातलेली," त्या म्हणाल्या.

"एकतीस," दादू म्हणाले. "चौऱ्यानव साली टाकला."

ओगल्यांनी नकाशावरून मान वर केली. आपण काय बोलून गेलो, ते दादूंच्याही लक्षात आलं असावं.

"तुमी टाकलाव, भावजी?"

"अंतू रेडिओवाल्यानं टाकला. कॅशेट लावली की चर्र चर्र वाजायचं. तेल तापल्यासारं. मी बोललो, अंतू, हा चर्र काढ. त्यानं काढला. मना काय ठाऊक तू बी त्यात हायस."

"नुसता चर्र काढाया सांगितला?"

"नुसता चर्र."

"जाऊबाय संगं होती का तवा?"

दादूंनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "आटवत नाय," ते म्हणाले.

अंतू रेडिओवाला २००९ मध्ये वारला. त्याच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ओगल्यांच्या मते कॅसेटची खरखर घालवण्यासाठी असा कपॅसिटर टाकणं ही त्या काळची सर्रास पद्धत होती; मात्र याने टाकलेला जरा जास्तच मोठा होता. इतका कशाला टाकला, हे त्यांना सांगता येत नाही. दमयंतीबाईंना येत होतं, आणि त्यांनी ते घरी पोचेपर्यंत गाडीत सांगितलं.

दुकानातून निघण्याआधी त्यांनी ओगल्यांना एक काम दिलं होतं. आपला आवाज ओळीच्या आधी येतो की नंतर, ते मोजून द्यायचं. "आधी आला तर मी सांगतंय. मागनं आला तर मी तिच्या मागं बोलतंय. तुमी शिकलेली मानसं, मोजा."

ओगल्यांनी कॅसेट तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. त्या तासाभरात दादू टेपपासून हलले नाहीत. मंगळवारी दिवसभर बसून ओगल्यांनी पडद्यावर आवाजाच्या लाटा पाहिल्या आणि संध्याकाळी घरतांच्या हॉलमध्ये निकाल वाचून दाखवला. या वेळी चंद्रावतीबाई हजर होत्या.

कुजबूज एकूण त्रेचाळीस ठिकाणी आहे. एकतीस ठिकाणी ती ओळीच्या आधी येते. नऊ ठिकाणी नंतर. तीन ठिकाणी कुकरची शिट्टी असल्यामुळे निर्णय देता येत नाही.

"एकतीस," दमयंतीबाई म्हणाल्या.

"पुढं वाचा," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

ओगल्यांनी चष्मा पुसला. त्या एकतीसपैकी चार ठिकाणी कुजबुजीत एक सांगितलं आहे आणि गायलं गेलं आहे दुसरंच. उदाहरणार्थ, 'आता तेलाची' असं ऐकू येतं आणि चंद्रावतीबाई हळदीची ओळ गातात. विधीत आधी काय येतं, ते त्यांना ठाऊक नाही. ते घरच्यांनी ठरवावं.

"हलद पयली," दादू म्हणाले.

"आपल्यात हलद पयली. माज्या म्हायेरी तेल पयलं," दमयंतीबाई म्हणाल्या.

"पाट तुज्या म्हायेरचा नव्हता," चंद्रावतीबाई म्हणाल्या. चार शब्द झाले.

"आणि त्या सत्तावीस ओळी?" दमयंतीबाईंनी विचारलं.

चंद्रावतीबाई बोट वर करून थोडं थांबल्या, श्वास घेतला. "तू जेवतानाबी बोलतेस, दमे. मी जेवायची थांबते काय?"

हे आठ शब्द त्यांना महागात पडले. त्यांना ठसका लागला आणि पाणी आणायला दमयंतीबाईच उठल्या. पाणी दिल्यावर त्या परत आपल्या जागी जाऊन बसल्या आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं.

दोन्ही बाजूंच्या मागण्या मंगळवारी अशा होत्या. चंद्रावतीबाई: हिरवे कपॅसिटर होते तिथे परत बसवावेत. दमयंतीबाई: ते बसवले, तर त्या मांडवात पाय ठेवणार नाहीत, आणि मांडवाच्या विधीचं तांदूळ, सुपारी, सूप, दिवे हे सगळं कुठे ठेवलं आहे ते फक्त त्यांना माहीत आहे. परेश: आवाजाच्या वाटेत पुन्हा तो हिरवा कचरा टाकणं हे पाप आहे. दादू: चर्र नको.

प्रांजल कामोठ्याला फिजिओथेरपिस्ट आहे. ती आठ वाजता कामावरून आली, सगळं ऐकून घेतलं आणि ओगल्यांना म्हणाली, "काका, पंख्याला असतं तसं बटण नाही का लावता येत? वर केलं की कपॅसिटर आत, खाली केलं की बाहेर."

"लावता येईल," ओगले म्हणाले. "दोन तासांचं काम आहे."

"मग लावा ना. शुक्रवारचं शुक्रवारी बघू. मला अकराच्या आत हळद लागली पाहिजे, बारानंतर मेकअपवाली थांबत नाही."

बुधवारी दुपारी चार वाजता ओगल्यांच्या दुकानासमोर स्कूटर थांबली. प्रांजलच्या मागून चंद्रावतीबाई उतरल्या. प्रांजलला त्यांनी समोरच्या दुकानात बांगड्या बघायला पाठवलं. अॅम्प्लिफायर टेबलावर उघडा पडला होता, मागच्या पत्र्याला नवं भोक पाडलेलं होतं.

"माजा आवाज बदलला काय?" त्यांनी विचारलं. "ते काढल्यावर?"

"ऐका ना," ओगले म्हणाले, आणि कॉम्प्युटरवर उतरवलेली पहिली बाजू त्यांनी लावली.

ती एकतीस मिनिटांची आहे. चंद्रावतीबाई स्टुलावर बसून ऐकत राहिल्या. मध्ये एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. चार ठिकाणी त्यांनी मान हलवली. ओगल्यांनी आपला कागद काढून पाहिला. ती तीच चार ठिकाणं होती, आणि कागद त्यांनी बाईंना दाखवलेला नव्हता. इतर काही ठिकाणी कुजबूज आली की त्यांचे ओठ हलत होते. ते कुजबुजीबरोबर हलत होते की नंतर येणाऱ्या ओळीबरोबर, हे ओगल्यांना सांगता आलं नाही. ते मोजायचं राहून गेलं.

"बरी गायची मी," शेवटी त्या म्हणाल्या.

"बरी काय. गळ्याला कुठे धक्का लागलेला नाही. आधीपेक्षा स्वच्छ येतोय."

"संगं तीबी."

"त्याही येणार, बाई. दोघींतलं एक ठेवायचं असं यंत्राला सांगता येत नाही. त्या नको असतील तर तुमचीही धार जाते. आजवर कॅसेटवर लोकांनी ऐकलं ते तुमचं अर्धंच."

चंद्रावतीबाईंनी पत्र्याच्या भोकात घातलेलं लहानसं बटण बोटाने वर केलं, खाली केलं, परत वर केलं. कोणत्या बाजूला काय, असं त्यांनी विचारलं. ओगल्यांनी सांगितलं. बटणाशेजारी तसं लिहायला मात्र ओगल्यांनी नकार दिला. एकीकडे 'चंद्रावती' आणि दुसरीकडे 'दमयंती' लिहा अशी सूचना परेशने फोनवर केली होती. ओगल्यांनी १ आणि २ एवढेच आकडे टाकले.

गुरुवारी संध्याकाळी यंत्र घरी पोचलं, तेव्हा कोणता आकडा कोणाचा हे दमयंतीबाईंनी ओगल्यांकडून फोनवर विचारून घेतलेलं होतं. दादूंनीही. दोघांनाही ओगल्यांनी तेच उत्तर दिलं, असं ते सांगतात.

शुक्रवारी सकाळी साडेआठपर्यंत बंगल्यासमोर मांडव उभा होता. उंबराची फांदी आणली होती. अॅम्प्लिफायर भिंतीलगतच्या टेबलावर, पाठ भिंतीकडे करून ठेवला होता. बटण पाहायचं तर टेबलाच्या मागे वाकावं लागत होतं. विजेची बाजू पाहायला आलेल्या माणसाने दिलेल्या माहितीनुसार, नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान टेबलामागे चार वेळा माणूस गेलं. दमयंतीबाई दोनदा गेल्या. एकदा सूप शोधायला, एकदा सूप ठेवायला. दादू एकदा, वायर बघायला. चंद्रावतीबाई एकदा. त्यांनी कारण सांगितलं नाही. बटणाला कोणी हात लावला आणि किती वेळा, हे त्याने पाहिलेलं नाही. परेशने जाऊन पाहावं असं प्रांजलने सुचवलं, तर तो म्हणाला, "मी बघितलं की दोघी मलाच धरतील. मी फक्त प्ले दाबणार."

पाटाचा प्रश्न नऊ पन्नासला निघाला. मांडवात एकच पाट ठेवलेला होता आणि तो रिकामा होता. चंद्रावतीबाई हिरवं लुगडं नेसून आल्या आणि पाटावर बसल्या. त्यांच्या हातात नारळ दिला गेला. दमयंतीबाई सूप घेऊन आल्या, पाटाकडे पाहिलं, आणि डाव्या अंगाला सतरंजीवर बसल्या. १९९३ मध्येही त्या डाव्या अंगाला बसल्या होत्या.

"सरक जरा," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

"मी कशाला सरकू? तुमीच सरका."

दोघीही सरकल्या नाहीत. ओगले लग्नाचे पाहुणे म्हणून आले होते आणि फाटकाजवळ उभे होते. कॅसेटच्या सुरुवातीला सात सेकंद नुसती रिकामी पट्टी आहे. त्या सात सेकंदांत चर्र ऐकू आलं तर बटण कुठे आहे ते मला इथूनही कळेल, असं त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं होतं. पण त्याच सुमाराला मागच्या अंगणात वाटणाचा मोठा मिक्सर सुरू झाला.

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी परेशने प्ले दाबलं. पट्टी फिरू लागली. तिसऱ्या सेकंदाला दमयंतीबाई पाटाकडे झुकल्या आणि त्यांनी चंद्रावतीबाईंच्या कानाशी तोंड नेलं. त्या काय बोलल्या, ते मिक्सरमुळे कळू शकलं नाही. चंद्रावतीबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, याबद्दल मांडवातल्या बायकांत एकमत नाही.

मिक्सर अजून चालू होता. पहिली ओळ यायला चार सेकंद होते.